चंपतच्या नावाआधी

सीताबर्डीत कोणालाही विचारा, नानाजी वैरागडे कसा माणूस आहे? 'डोक्याचा गरम' असंच सांगतील. सांगू द्या. आधी गोलमध्ये उभा राहिलो, मग तोंडात शिट्टी धरून रेफ्री म्हणून पळालो. यातलं एकही काम थंड डोक्यानं होत नाही. आता सायकलचं दुकान आहे, तर पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाशी भांडतो. पण चंपतच्या नावासाठी जेवढा भांडलो तेवढा जन्मात कोणासाठी भांडलो नाही. अन् शेवटी जिंकलो, तेव्हा हाती काय आलं? धुपाटणं.

चौऱ्याऐंशी साल होतं. आमच्या तरुण विजय क्रीडा मंडळाला पन्नास वर्षं होत होती. भैय्याजींच्या मनात आलं की मंडळाच्या खोलीत एक संगमरवरी फलक लावायचा अन् त्यावर फुटबॉलमधल्या आपल्या थोर माणसांची नावं कोरायची. भैय्याजी म्हणजे बर्डीवरचे कापडवाले, मंडळाचे खजिनदार. दगड त्यांच्या पदरचा येणार होता, म्हणून ही कल्पना सगळ्यांना पहिल्या झटक्यात आवडली. दगडावर दोन रकाने. डावीकडे 'खेळाडू', उजवीकडे 'संघटक'. नावं ठरवायला आम्ही तिघं: अध्यक्ष गणपतराव, जे पेशानं वकील, मग भैय्याजी, अन् मी.

वकील माणूस अध्यक्ष असला की नियम आधी येतात, माणसं मागून. गणपतरावांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की खेळाडू म्हणून नाव यायचं तर मंडळाकडून दहा हंगाम खेळलेला पाहिजे. संघटक म्हणून यायचं तर मंडळाचा पदाधिकारी राहिलेला पाहिजे. अन् तिसरं म्हणजे, फलकावर फक्त गेलेली माणसं येतील.

"जिवंत माणसाचं नाव दगडावर कोरत नसतात, नानाजी," ते म्हणाले. "अपशकुन असतो."

"काहून? देवळाच्या पायरीवर तं जित्याईचेच नावं राहतात, वकीलसाहेब. लोकं त्याच्यावर पाय देऊन देऊन जातात, तरी एक मरत नाही."

"त्याईनं पैसे दिले राहते ना," भैय्याजी म्हणाले.

गणपतराव हसले नाहीत. "अपशकुन जाऊ द्या. पण माणूस आहे तोवर त्याचा निकाल कसा लावणार? आज नाव कोरलं अन् उद्या त्यानं तोंड काळं केलं, तर दगड काय रबरानं खोडायचा?"

खोटं कशाला बोलू, यात तथ्य होतं. समोर बाबारावचंच उदाहरण होतं. बाबाराव आमचा सेंटर फॉरवर्ड, त्याच्यासारखं डोकं पुन्हा कोणाचं चाललं नाही. पण खेळ सुटल्यावर सेक्रेटरी झाला अन् दोन वर्षांत मंडळाचे दोन तुकडे करून बसला. खेळाडू म्हणून सोनं, सेक्रेटरी म्हणून माती. अशा माणसाचं करायचं काय? अख्खी दुपार भांडलो. शेवटी ठरलं की सोनं सोन्याच्या रकान्यात लिहू, माती मातीत गेली. मेलाच होता बिचारा. भैय्याजींच्या वडिलांनी उभ्या जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, पण मंडळाला जर्सीचं कापड पुरवलं होतं अन् उपाध्यक्ष म्हणून हार घालून घेतले होते. ते संघटकांत पहिले बसले. त्यावर वाद झालाच नाही. दगड कोणाचा होता!

मग मी चंपतचं नाव काढलं.

चंपत गजभिये हा आमचा आऊटसाइड लेफ्ट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड. छप्पन साली बापाचा हात धरून दीक्षेला गेलेला पोरगा, अठ्ठावन साली आमच्या मंडळात आला. पायात बूट नाही, घोट्याला नुसती पट्टी. आईबापानं नाव काय विचार करून ठेवलं होतं देव जाणे, पण पोरगा नावाला जागला. बॉल डाव्या पायाला लागला की समोरचा बॅक उजवीकडे बघायचा तोवर हा डावीकडून पसार. बघणारे एका सुरात ओरडायचे, "चंपत झाला बे, चंपत झाला!" हळूहळू तो आमच्या टीमचा नाराच झाला. दुसऱ्या टीमचे पोट्टेसुद्धा हसत हसत ओरडायचे.

मी गोलकीपर. मी त्याची जन्मभर पाठच पाहिली. बासष्टच्या फायनलला कामठीला आम्ही एका गोलनं मागे होतो. मी बॉल लांब मारला, तो चंपतनं छातीवर घेतला अन् रेषेच्या कडेकडेनं निघाला. एक बॅक गेला, दुसरा गेला, तिसरा तर आपल्याच पायात अडकून पडला. मग त्यानं गोल केला अन् गोल करून तो मागे वळला नाही, तसाच पळत पळत मैदानाबाहेर गेला, पानठेल्यापर्यंत! आम्ही त्याला तिथून उचलून आणलं. विचारलं, काहून पळाला बे? तर म्हणे, "थांबाले जमलंच नाही गा."

चौसष्ट साली त्याचा डावा पाय मैदानातल्या एका खड्ड्यात गेला अन् गुडघा फिरला. कोणाचा दोष नाही, कोणी धक्का दिला नाही. नुसता खड्डा. तो आवाज मी गोलमधून ऐकला. त्यानंतर चंपत पुन्हा कधी सरळ चालला नाही.

मग तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला लागला. तिथल्या कामगार कॉलनीत मोकळी जागा होती, तिथं त्यानं पोट्टे गोळा केले. चुना परवडायचा नाही, तर वीजकेंद्राची राख आणून मैदानाच्या रेषा मारायचा. लंगडत लंगडत पोट्ट्यांच्या मागं फिरायचा, शिव्या द्यायचा, फाटलेले बॉल शिवायचा. अशी वीस वर्षं गेली. आमच्या मंडळाच्या टीममध्ये नंतर जे चांगले पोट्टे आले, त्यातले निम्मे त्याच राखेवर खेळून आले होते. अन् त्या पावसाळ्यात त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पाहून घरी पाठवलं. घरी पाठवलं म्हणजे काय, ते समजायला शाळा लागत नाही.

म्हणून माझी घाई होती. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं नाव लागावं, एवढंच.

गणपतरावांनी चष्मा काढला. "खेळाडू म्हणून सहाच हंगाम. पुरत नाहीत. संघटक म्हणाल, तर आपल्या मंडळात कोणतंही पद नाही. पुरत नाही. अन् मुख्य म्हणजे ते हयात आहेत."

"दोन्ही मिळून पाहा ना जी! सहा हंगाम इकडचे अन् वीस वर्षं तिकडचे. असं दुसरं कोणाचं आहे?"

"नानाजी, दोन अर्धे मिळून एक होत नाही."

"बरोबर आहे," भैय्याजी म्हणाले. "अर्धा मीटर पॉपलिन अन् अर्धा मीटर खादी, सदरा शिवते काय कोणी?"

"सदरा नाही तं नाही," मी उठून ओरडलो, "चड्डी तं होते! तुमच्या बापाचं तं रुमालाएवढंबी नव्हतं!"

झालं. बैठक तिथंच मोडली.

दुसऱ्या दिवशी मी खापरखेड्याची बस धरली. चंपत कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये खाटेवर पडून होता. भिंतीवर बुद्धाची अन् बाबासाहेबांची तसबीर, खाली आमच्या बासष्टच्या टीमचा फोटो. माणूस अर्धा झाला होता. फक्त आवाज तसाच होता.

"ये गा नाना. बस. तुमचा दगड आला म्हणतात?"

"तुले कोण सांगितलं?"

"पोट्टे सांगतात. मले कोणत्या बाजूले टाकून राहिले?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, भांडून राहिलो. जित्याचा एक नियम आडवा येते, तो मी पाहतो. पण संघटकांत जमण्यासारखं आहे. खापरखेड्याचं काम सगळ्यांना दिसते, गणपतराव त्याला नाही म्हणू शकणार नाहीत.

चंपत कोपरावर उठला. "संघटक म्हणजे कोण बे? सतरंज्या टाकणारा अन् पाहुण्याईले चहा सांगणारा. मी तो नोहो. मले खेळाडूत टाक, नाही तं राहू दे."

"अबे, सहाच हंगाम झाले तुहे. दहा लागतात."

"मंग बाकीचे चार मी काय झोपून काढले? गुडघा कोणाचा गेला? मंडळाचाच गेला ना?" त्याला धाप लागली. थोडं थांबून म्हणाला, "नाना, ह्या पोट्ट्याईले मी सांगतो ना, की मी असा खेळत होतो, तवा ते हसतात. मले दिसते ना, त्याईले खरं नाही वाटत. लंगडा मास्तर फेकून राहिला म्हणतात. तिथं लिवलेलं पायजे गा. खेळाडू म्हणून."

भागीरथा चहा घेऊन आली. चंपतची बायको. तिनं कप माझ्यापुढं जरा जोरातच ठेवला.

"मी लग्न करून आली तवा पाय वाकडाच होता, भाऊजी. सारे मले सांगतात, चंपत असा पळे अन् तसा पळे. म्या नाही पाह्यलं. म्या पाह्यला तो पोट्ट्याईच्या मागं लंगडणारा माणूस. त्या साऱ्याईच्या जर्स्या म्या धुतल्या. राखेचे डाग साबणानं निघत नाही, ठाऊक आहे काय तुमाले? हातं सोलून जातात. अन् हे म्हणतात, ते काहीच नाही! ते लिवू नका म्हणतात!"

"तुले काय समजते वं फुटबॉलातलं?" चंपत म्हणाला.

"नाही समजत. कपडे धुवाले समजाव नाही लागत."

चंपत हसायला गेला अन् पोट धरून कळवळला. भागीरथेनं त्याला झोपवलं, पाठीवरून हात फिरवत राहिली, अन् एकीकडे रागानं पुटपुटत राहिली. मी चहा पिऊन निघालो. रस्ताभर मला कोणाचं बरोबर ते ठरवता आलं नाही. रेफ्री असतो तर बॉल मधोमध ठेवून दोघांना खेळा म्हटलं असतं.

दिवाळी झाली. मी मधल्या काळात गणपतरावांच्या घरी तीनदा गेलो, भैय्याजींची माफी मागितली, त्यांच्या दुकानातून गरज नसताना धोतरजोडीसुद्धा घेतली. दोघंही नरमले, पण नियम काही हलेना. "पुढच्या बैठकीत बघू," हेच उत्तर. पुढची बैठक लग्नसराईत अडकली. तोवर कन्हानचा कारागीर दगडावर रकाने खोदून, मधली रेघ मारून मोकळा झाला होता.

मग खापरखेड्याहून निरोप आला की येऊन जा. मी गेलो. चंपतला पाहिलं अन् माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही.

"झालं बे चंपत! ठरलं. खेळाडूत. बाबारावच्या खाली तुहं नाव."

त्यानं डोळे मिटले. तोंडावर असं काही समाधान आलं की मला वाटलं, चला, खोटं तर खोटं, कामी आलं. भागीरथा दारात उभी होती.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

"मंग मी मेलो काय गा?"

"काय?"

"तुमच्या दगडावर जिता माणूस चालत नाही ना. तूच सांगितलं होतं, जित्याचा नियम आडवा येते म्हणून. तिथं माहं नाव लागलं, म्हणजे मी इथं नसलो पायजे." तो माझ्या हातांकडे बघत होता. "तू खोटं बोलला का तुहे हातं हालतात नाना. पेनल्टीच्या वेळी बी हालत होते. म्हणून तं तुले नेहमी गोल पडे."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"रडू नको बे," तो म्हणाला. "वकीलसाहेबाले सांग, थोडं थांबा म्हणाव. जास्त वाट पाहाव नाही लागणार."

मी बाहेर आलो अन् त्याच्या घराच्या भिंतीला तोंड लावून रडलो. रडलो अन् शिव्या दिल्या. गणपतरावांना दिल्या, भैय्याजींना दिल्या, त्या दगडाला दिल्या. भागीरथा तांब्या घेऊन आली, म्हणाली, "तोंड धुवा भाऊजी. आतून ऐकू जाते."

आठवडाही नाही गेला.

अंत्ययात्रेला मंडळाचे सगळे आले, गणपतराव अन् भैय्याजीसुद्धा. भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. वीस वर्षांतले पोट्टे आले होते, काही तर आता स्वतः पोरांचे बाप. सगळे आपापल्या जुन्या जर्स्या घालून आलेले, कोणाच्या पोटावर बसत नव्हत्या. त्यांनी मयत सरळ घाटावर नेली नाही. आधी मैदानावर नेली अन् राखेच्या रेषेवरून, डाव्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन गेले. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी ओरडलंही नाही. मी मागं चालत होतो. पुन्हा पाठच.

बैठक लगेच चार दिवसांनी लागली. आता लग्नसराई आडवी आली नाही.

"चला," भैय्याजी म्हणाले, "आता काही अडचण नाही."

मी हातातला कप असा आपटला की कान तुटून भिंतीवर गेला. "अडचण! चंपतचं जितं राहणं म्हणजे तुमाले अडचण होती काय?"

भैय्याजी खाली बघू लागले. माणूस वाईट नव्हता, तोंडातून निघून गेलं. गणपतरावांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "नानाजी, त्या दिवशी मी ती पोरं पाहिली. दहा हंगामांचा नियम मी मागे घेतो. पदाचाही घेतो. माणूस म्हणून पाहिलं तर गजभिये आपल्या सगळ्यांपेक्षा मोठे निघाले. नाव कोरू. माझ्या मते संघटकांत शोभेल."

"खेळाडूत," मी म्हटलं.

"पण काम तर त्यांचं—"

"खेळाडूत! त्याचं म्हणणं होतं तसं."

"त्यांच्या पत्नीला विचारू," गणपतराव म्हणाले. मला तेच नको होतं. भागीरथा काय सांगेल ते मला ठाऊक होतं. सोललेले हात ती कशाला विसरेल? अन् तिला नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती.

ती बसनं एकटीच आली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. मंडळाच्या खोलीत दगड भिंतीला टेकवून ठेवला होता. कारागिरानं कोरायच्या आधी दोन्ही रकान्यांत गेरूनं चंपतचं नाव लिहून ठेवलं होतं, जे ठरेल ते ठेवू, दुसरं पुसू म्हणून. गणपतरावांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. दगडासमोर जाऊन उभी राहिली. सही करण्यापुरती नाही, चांगली चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिनं सगळी नावं वाचली.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमी म्हणाल त्या बाजूले."

"खेळाडूत लिवा," ती म्हणाली.

मी बघतच राहिलो. "अन् त्या तुमी धुतलेल्या जर्स्या—"

"ते पोट्टे आहेत ना खापरखेड्यात. कोणीबी जाऊन पाहून घ्यावं. पण ह्याईचा खेळ कोणं पाह्यला आता? तुमी पाह्यला, अन् तुमी बी म्हातारे झाले. ते लिवून ठेवा. म्या नाही पाह्यला, मले तेवढं वाचता तरी येईन." एवढं बोलून तिचा आवाज फुटला. आम्ही तिघं पुरुष तीन दिशांना बघत उभे राहिलो.

तिनं पदरानं डोळे पुसले अन् पुन्हा दगडाकडे पाहिलं. मग बोट ठेवलं. "हे काय आहे?"

नावाच्या आधी 'कै.' होतं. सगळ्यांच्याच आधी होतं. कै. बाबाराव, कै. महादेवराव, भैय्याजींचे वडीलसुद्धा कै. मेलेल्या माणसाच्या आधी 'कै.' लिहायचं, हे आमच्या हाताला वळणच. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं.

"कैलासवासी," गणपतराव म्हणाले.

"हे कैलासले नाही गेले," भागीरथा म्हणाली. "आमच्यात असं लिवत नाही जी. त्याईच्या बापानं त्याईले हात धरून दीक्षेले कायले नेलं मंग?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. परवाच तर तिघं त्रिशरणाला हात जोडून उभे होतो! त्याच्या भिंतीवरची तसबीर पाहत मी किती चहा प्यालो असेन! अन् आमच्यातल्या एकालाही ते अक्षर खटकलं नाही.

"चुकलंच," गणपतराव म्हणाले. "तुमच्यात काय लिहितात?"

"कालकथित."

कारागिरानं दोरी लावून पाहिली अन् मान हलवली. एवढा मोठा शब्द आधी घातला तर नाव मधल्या रेघेवरून पलीकडे, संघटकांत जाईल. क्षणभर मला वाटलं, वा रे चंपत, असाच जा, अर्धा इकडे अन् अर्धा तिकडे! पण रेघ खोल कोरून झाली होती, तिच्यावर अक्षर बसणार नव्हतं. भैय्याजी म्हणाले, नुसतं 'का.' लिवा. तर कारागीर म्हणाला, लोकं त्याला काका समजतील.

"काहीच नोका लिवू," भागीरथा म्हणाली. "नुसतं नाव लिवा."

गणपतराव हळूच म्हणाले, "पण बाई, सगळ्यांच्या आधी आहे अन् यांच्याच आधी नसलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की हे अजून आहेत."

"मंग वाटू द्या ना!" ती एकदम त्यांच्यावर उलटली. "जितं होते तवा तुमी त्याईच्या मरणाची वाट पाह्यली. आता मेले तं जितं राहू द्या!"

गणपतरावांनी कारागिराकडे बघून मान डोलावली. कारागिरानं ओल्या फडक्यानं आधी उजवीकडचं नाव पुसलं, मग डावीकडचं 'कै.' पुसलं. भागीरथा ते सुकेपर्यंत तिथंच उभी राहिली. मी तिला बसवर सोडायला गेलो. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "तो बासष्टचा गोल, भाऊजी, अन् ते पानठेल्यापर्यंत पळणं. खरं होतं ना?"

"खरं होतं वहिनी," मी म्हटलं. "मीच तं उचलून आणलं त्याले." या वेळी माझे हात हलले नाहीत.

फलक लागला, हार पडले, भाषणं झाली. भागीरथा पहिल्या रांगेत होती. गणपतरावांनी भाषणात नियमाचा एक शब्द काढला नाही.

आता मी संध्याकाळी दुकान बंद करून मंडळाच्या खोलीत जाऊन बसतो. चंपतच्या नावाखाली खुर्ची टाकतो, उगाच. मागच्या हिवाळ्यात एक पेपरवाला आला होता. नवा माणूस, जुन्या खेळाडूंवर काही लिहायचं म्हणत होता. फलकासमोर उभा राहून त्यानं नावं वाचली, अन् डाव्या रकान्यात येऊन थांबला.

"काका, बाकी सगळे कैलासवासी दिसतात. हे चंपत गजभिये तेवढे हयात आहेत वाटतं?"

मला उठून त्याच्या अंगावर जायचं होतं. नाही जमलं.

"मला भेटता येईल का त्यांना? कुठं राहतात?"

मी बोललो, कारण ते म्हणायला आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"हा काय, आता आताच इथं होता," मी म्हटलं. "चंपत झाला बे."